वरचं टिंब, खालचं टिंब

४ जानेवारी
कॉम्प्युटर दुकानातून परत आला. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, एकदम मक्खन कर दिया." घरी येऊन बंदिशींची फाइल उघडली. ह्यांच्या सगळ्या बंदिशी आहेत. शब्द आहेत, स्वर आहेत. पण जिथे स्वराच्या डोक्यावर किंवा पायाशी टिंब होतं, तिथे रिकामा चौकोन. वरचं टिंब तार सप्तकाचं, खालचं मंद्राचं. चौकोन मात्र सगळे सारखे.
बंद करून पुन्हा उघडली. तेच.

५ जाने.
बुधवारा बाजारात दुकानदाराकडे. जुना फॉन्ट कुठे, विचारलं. "पुराना सब साफ कर दिया. आपने ही तो बोला था." बोलले होते. खरं आहे.
"डब्बे तो सबके आते हैं आंटीजी, पढ़नेवाला समझ लेता है."
कोण पढ़नेवाला?
वृंदाला इंदूरला फोन केला. तिला मेलवर पाठवलेली प्रत तिने उघडून पाहिली. तिथेही चौकोन. "आई, बाबांनाच विचार ना." विचारते म्हटलं. गेल्या आठवड्यात बाबांनी मला विचारलं होतं, बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या? हे तिला सांगितलेलं नाही.

६ जाने.
विचारलं. छापून कागद हातात दिला. चष्मा लावून नीट पाहिला त्यांनी. "छान आहे. कोणाची?"
तुमची, म्हटलं. हसले. मी थट्टा करते आहे असं वाटलं असावं.
संगीत शिक्षक म्हणून जन्म गेला, पण स्वतःच्या बंदिशी एकाही विद्यार्थ्याला दिल्या नाहीत. पक्क्या झाल्या की देईन, म्हणायचे. लिहूनही ठेवल्या नाहीत, बंदिश गळ्यात राहते म्हणे. विसरायला लागले तेव्हा, मागच्या वर्षी, मीच समोर बसवून एकेक स्वर विचारून घेतला आणि टाइप केला. तेव्हा आवाज बसलेला, म्हणून रेकॉर्ड केलं नाही. आवाज सुधारला की करू म्हटलं. आवाज सुधारला आणि

९ जाने.
वृं.ने फोनवर नवी रीत शिकवली. ही म्हणे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल. आधी अक्षर. मग भाषा इंग्रजी करून ०३०७, मग ऑल्ट आणि एक्स एकदम. टिंब वर येतं. ०३२३ केलं की खाली. सा-ला वरचं टिंब दिलं तर ते डोक्यावर न बसता कान्यावर जाऊन बसतं. असू दे. चुकून अक्षराशिवाय टिंब टाकलं तर त्याच्याखाली तुटक रेघांचा एक पोकळ गोल येतो, अक्षर कुठे आहे म्हणून विचारल्यासारखा.
दुपारपर्यंत हात बसला. ऑफिसात वरिष्ठांची पत्रं टाइप केलेली बोटं आहेत.
आता दोन्ही टिंबं टाकता येतात. कुठलं टाकायचं ते माहीत नाही. कोमल-तीव्र रागावरून कळतं. वरचा की खालचा, ते फक्त त्यांनाच ठाऊक.

१२ जाने.
दुपारी लाइट गेली. आमच्या राजपुरा मोहल्ल्यातल्या सगळ्या लूम, कापडाचे माग, एकदम थांबल्या. अशी शांतता झाली की कानात दडे बसले. मी केळ्याची भाजी चिरता चिरता पहिली बंदिश पुटपुटत होते. कशीतरीच. जन्मात गायले नाही.
आतून आवाज आला, "खाली कुठे चाललात? वर घ्या."
सुरी हातात घेऊनच दारात गेले. डोळे मिटून बसलेले. "सा वरचा. पुन्हा."
पुन्हा गायले.
"गळा ऑफिसातला आहे बाई तुमचा. पण लागेल सूर."
लाइट यायला वेळ लागला. तोवर वरचा, वरचा, म्हणत बसले, विसरेन म्हणून. वरचा म्हणजे ०३०७, थोडक्यात ०७.

१३ जाने.
विचारलं तर काही येत नाही. चुकलं की राहवत नाही. वर्गात सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका ऐकण्यात गेला आहे.
म्हणून आता चुकायचं. प्रत्येक चौकोनाशी एकदा वर जायचं, एकदा खाली. ओरडतील ते चूक. दुसरं खरं. शांतता हवी म्हणून लाइट गेली की गायचं आणि आली की टाइप करायचं.

१७ जाने.
शेजारच्या कमलताई जिन्यात. "काकू, ह्या उमरीत गाणं शिकून राहिल्या का?"
"हो."
"काका लई रागावतात नं. ऐकू येते आम्हाला."
"रागावू देत."
त्यांना वाटलं मी वैतागले. मला तो रागच हवा आहे. आज चार ठिकाणी रागावले. तीन ०७, एक २३.

२१ जाने.
उठताना म्हणाले, "उद्या वेळेवर या. आणि घरी रियाज करत जा, नुसतं इथे येऊन भागत नाही."
"करते, गुरुजी."
तोंडातून निघून गेलं. बाविसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून त्यांना कधी काही म्हणून हाक मारली नव्हती.

२५ जाने.
आज ते फार कमी बोलले. दोन चौकोनांना मी वर गेले, ते गप्प. खाली गेले नाही, मी दमले होते. गप्प म्हणजे बरोबर धरलं आणि ०७ टाकलं.
असं धरायला नको होतं.

२९ जाने.
शेवटची बंदिश राहिली. तापीवरची. 'तपती तट साँझ भई'. शेवटच्या 'भई'वर एकच चौकोन.
खाली गायले. "वा."
२३ टाकलं. मन मानेना. परत जाऊन वर गायले.
"वा."
मग पहिली बंदिश घेतली, ज्यात त्यांनी वर घ्या म्हणून दटावलं होतं, आणि मुद्दाम खाली गायले. पार खाली, कोणालाही चूक कळेल असं.
"वा. छान गाता तुम्ही."
उठून पोळ्या केल्या.
हे 'वा' कधीपासून चालू आहे? २५ तारखेचं गप्प बसणं कसलं होतं? ज्यांवर रागावले ती टिंबं पक्की. बाकीची सगळी मी टाकलेली आहेत.

३० जाने.
वृं.चा फोन. सगळं सांगितलं, 'कोणाच्या घरच्या' तेसुद्धा. ती म्हणाली, "आई, कुठलंही टाक. कोणाला कळणार आहे?"
"मला."
"तू स्वतःला किती त्रास करून घेशील?"
रडत होती. तू ये, म्हटलं. मग लगेच म्हटलं, रजा असेल तरच.
भईवरचं २३ पुसलं. चौकोन परत आणता येत नाही, नुसता स्वर राहिला. टिंब नाही म्हणजे मधल्या सप्तकाचा सा. तेही खोटंच.

२ फेब्रु.
सकाळीच लाइट गेली. लूम थांबल्या. मी चहा घेऊन गेले तर खिडकीशी बसून स्वतःच गुणगुणत होते. तापीचीच. माझ्याकडून ऐकलेली नव्हे. मला कधी न जमलेल्या जागा घेत, सावकाश.
दारातच थांबले. कप वाजू दिला नाही.
साँझपर्यंत आले. भईच्या अलीकडे थांबले. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हात अर्धवट उचलून धरला, पुढचा स्वर विद्यार्थ्याने घ्यावा म्हणून धरतात तसा.
वाट पाहिली मी. तेही पाहत होते.
मी वर गेले. फाटला आवाज, पण गेले.
त्यांनी हात खाली ठेवला. मग कपाकडे बोट केलं. चहा दिला.
लाइट आल्यावर कॉम्प्युटर लावला. भईशी जाऊन ०३०७ टाइप केलं. आकडे तसेच आहेत, ऑल्ट आणि एक्स अजून दाबलेलं नाही.