तुमच्या नाटकाला लोक हसले

आबा, रविवारी गावात तुमचं नाटक केलं. लोक लई हसले. एवढं लिहून पेन खाली ठेवला, उठून चहा करून प्यालो, आता परत बसलोय. तुम्हाला माहीतच आहे, त्या नाटकात हसण्यासारखं एक अक्षर नाही. शाळेतल्या गुरुजींनी ते लिहिलं, चालीही त्यांनीच लावल्या, काही नाटकातल्या पदांसारख्या आणि काही आपल्या धनगरी ओव्यांच्या. मेंढरं घेऊन लांब चारणीला गेलेला धनगर. कळप माघारी येतो, कुत्रं येतं, तो येत नाही. आणि त्याची बायको शेवटपर्यंत मानत नाही की तो गेला. ती बायको तुम्ही व्हायचात. तेव्हा गावातल्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मंग गुरुजी गेले, तुम्ही गेलात, आणि नाटक बंद पडलं ते पडलंच. इतक्या वर्षांनी मी ते उभं केलं. आणि आता बायकोला म्हणलं, लोकांनी पार मातेरं केलं गं नाटकाचं, तर ती म्हणते, "गर्दी तर झाली ना? मंग आनखी काय पाह्यजे तुमाला?" आता तिच्यापुढं काय डोकं फोडायचं? म्हणून तुम्हाला लिहून राह्यलो.

मला स्वयंपाकघरातला तुमचा सराव आठवतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही दिवसभर मेंढरांमागं हिंडून आलाय, हातपाय धुतलेत, आणि तिचंच जुनं लुगडं नेसून दारात उभे आहात, कमरेवर घागर. मिशा काढलेल्या. बाप जिवंत असताना मिशा काढल्या म्हणून आज्या तुमच्याशी कितीतरी दिवस बोलला नव्हता. आई तव्यावरची नजर न काढता म्हणते, "आवं, घागर रिकामी हाय का भरल्याली? भरल्याली आसंल तर बाई अशी मुरकत न्हाई, पाय दाबून टाकती." तुम्ही मुकाट्यानं मागं फिरता, दारापासून परत चालत येता. "हां, आता बराबर," ती म्हणते आणि भाकरी उलटते. बाई कशी चालते, कशी वाकते, पदर कधी तोंडावर घेते हे सगळं तुम्ही तिच्याकडून शिकलात, आणि तिला त्याचा कोण अभिमान! शेजारणींना सांगायची, "माझ्यापरीस आमच्या मालकालाच लुगडं झाक दिसतं." पुढं थोडा मोठा झाल्यावर मी एकदा नाटकातलं ते कळपाचं पद तुमच्यापुढं म्हणून दाखवलं. चांगलं घोळवून घोळवून, ताना घेऊन. मला वाटलं तुम्ही पाठ थोपटणार. तुम्ही म्हणलात, "गळा काहून दाखवून राह्यला? तिचा धनी आला न्हाई, अन् तू ताना मारतू व्हय रे?" मला असा राग आल्ता तुमचा! जेवलो नव्हतो त्या दिवशी.

आणि तो पहिला प्रयोग. मी बायकांच्या बाजूला, आईच्या मांडीवर. तुम्ही घागर घेऊन आलात आणि सगळं गाव गप्प झालं. एक लेकरू रडायला लागलं तर त्याच्या आईनं त्याला पदराखाली दाबलं. मी तुम्हाला ओळखलंच नाही. आईला विचारलं, ती बाई का रडती? आईनं पदरानं डोळे पुसले. तीसुद्धा रडत होती, नवरा समोर धडधाकट उभा असताना! तुम्ही "कळप आला माघारी, धनी कुठं राह्यला गं" म्हणत होतात, आणि पद संपलं तशी आपल्या गल्लीतली एक म्हातारी उठली. आधीचा अंक पडला तेव्हाच घरी जाऊन आल्ती. हातात खण, नारळ, तांदूळ. सरळ स्टेजवर चढली आणि तिनं तुमची ओटी भरली. म्हणली, "येईल बाई तुझा धनी. नको एवढी कष्टी होऊ." तुम्ही दोन्ही हातांनी पदर पसरला, ओटी घेतली, आणि खाली वाकून तिच्या पाया पडलात. कुणी हसलं नाही आबा. कुणी म्हणजे कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मेंढरं घेऊन निघालात तर तीच म्हातारी दारातून विचारते, "कालची पोरगी बरी हाय का रे आता?"

मला तेवढंच पाहिजे होतं. तसं गप्प झालेलं गाव एकदा माझ्यापुढं बसलेलं. नवीन जालन्यात बियाण्याच्या दुकानात काउंटरमागं उभं राहून जन्म गेला माझा. गिऱ्हाईक येतं, कपाशीच्या पिशव्या घेतं, जातं, माझ्या तोंडाकडं कुणी पाहत नाही. म्हणलं, एक दिवस तरी कुणीतरी ऐकावं. जत्रा कमिटीचा अध्यक्ष म्हणजे कालचं पोरगं. ते म्हणलं, "काका, लोकाला ऑर्केस्ट्रा पाह्यजे. पर तुमचा लईच जीव हाय तर घ्या एक टाइम." मला कोण आनंद! रोज दुकानातून सुटलो की वाटूरची गाडी पकडायची, फाट्यावरून गावात जायचं, तालीम करायची. बायको म्हणायची, "उतावळा नवरा ऐकला व्हता, उतावळी नवरी आजच पाह्यली." मुलगी माझी गाणं शिकवते, गळा तुमच्यावर गेलाय तिचा. ती म्हणली, "बाबा, ते काम मला द्या. तुम्हाला लोक हसतील. टीव्हीवर रोज पुरुष साडी नेसून येतात ते हसवायलाच येतात. लोकांना आता दुसरं काही माहीतच नाही." मी म्हणलं, आबांना कोण हसलं? अगं, ओटी भरली लोकांनी! ह्या नाटकातली बाई पुरुषानंच करायची, रीत आहे ती. रीत! कसली रीत आली? तेव्हा बाया मिळत नव्हत्या म्हणून तुम्ही उभे राहिलात, हे मला काय माहीत नव्हतं? पण मला तुमची जागा पाहिजे होती. ती तालमीला पेटीवर साथीला बसली. आणि मी मिशा काढल्या. दुकानात जो तो विचारायला लागला, "कोण गेलं?" कुणी नाही, म्हणलं.

रविवारी दिवस मावळताना सुरू करायचं ठरलं होतं, कारण आता दहाला स्पीकर बंद करावा लागतो. पण आधी सत्कार. हा पुढारी, तो पुढारी, शाली आणि नारळ संपता संपेनात. मंग नांदी सुरू झाली तर अर्धा मंडप हात जोडून उभा राहिला. त्यांना आरतीच वाटली. संपल्यावर एक बाई शेजारणीला विचारते, "परसाद कुठं वाटायलेत?" इथपर्यंत मलासुद्धा विंगेत हसू आल्तं. बिचाऱ्यांनी कधी पाहिलंच नाही, त्यांचा काय दोष? मंग मी आलो. तुमचं ते इरकली लुगडं, आईनं जपून ठेवलेलं, कमरेवर भरलेली घागर, पाय दाबून टाकत. मला वाटलं आता गप्प होतील. पहिली शिट्टी मागून आली. मंग कुणीतरी ओरडलं, "वैनी, नंबर द्या की!" आणि आबा, मंडप असा फुटला हसून! माझ्या तोंडावर मोबाइलच्या बत्त्याच बत्त्या. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून, एकमेकींच्या अंगावर पडून हसून राह्यल्या. मला वाटलं, पद सुरू झालं की थांबतील. "कळप आला माघारी" म्हणलं, तर एकानं मेंढीचा आवाज काढला. कुत्रं एकटंच परत येतं ते सांगायला लागलो, तर दुसरा भुंकला. तुमच्या वेळी ढोल वाजवायचा तो म्हातारा अजून आहे. पुढं खुर्चीवर बसला होता. तो काठी टेकत उठला आणि मागं वळून म्हणला, "गप ऱ्हावा की रे लेकाहो! बाई रडून राह्यली, दिसत न्हाई का?" मंग काय, त्याच्यावर पण हसले. "बाई! बाई म्हणतंय म्हातारं!" तो खाली बसला. मी गात राहिलो. तुम्ही सांगितलं तसंच गायलो, आबा. एक तान घेतली नाही, गळा दाखवला नाही. देवाशपथ सांगतो, तुमच्याइतकं नसंल, पण चांगलं झालं होतं ते. कुणालाच ऐकू गेलं नाही.

तिसऱ्या अंकात ते हसणंसुद्धा संपलं. साडी नेसलेला माणूस किती वेळ नवा राहणार? खुर्च्या सरकायला लागल्या. "चल रे, बोअर हाय," असं कुणीतरी मोठ्यानं म्हणलं आणि एक पूर्ण रांग उठली. आयाबायांनी झोपलेली लेकरं खांद्यावर टाकली. विंगेतून अध्यक्ष हात हलवून राह्यला, "काका, जल्दी आवरा." हसणाऱ्यांचा मला राग येत होता, पण ह्या उठून जाणाऱ्यांची भीती वाटली. असं वाटलं की आत्ता हे सगळे गेले की तुम्ही परत एकदा मराल, आणि ह्या वेळी माझ्या हातानं. शेवटचं पद चालू होतं. ती घंटीवाल्या मेंढीच्या गळ्यात हात टाकून विचारते, तू तरी सांग गं, कुठं सोडून आलीस त्याला? तिथं, बरोबर तिथं, मी कंबर हलवली. नुसती हलवली नाही, सरळ ठुमका मारला, आणि त्या शिट्टीवाल्या पोराकडं बघून डोळा घातला. उठलेले लोक उभ्या जागी थांबले. मंग बसले. शिट्ट्या, टाळ्या, "पुन्हा! पुन्हा!" तुम्हाला त्या पदाला वन्समोअर मिळायचा आणि तुम्ही दर वेळी परत रडून दाखवायचात. मला ठुमक्याला मिळाला. मी दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेटीचा आवाज येत नाही. मुलगी भाता सोडून मांडीवर हात ठेवून बसली होती. मी पेटीशिवाय गायलो आणि परत ठुमका मारला, आणि त्या गर्दीतून काठी टेकत बाहेर जाणारी म्हाताऱ्याची पाठ मला दिसली. बाकी कुणी उठलं नाही. शेवटपर्यंत मंडप भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो तेवढाच तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर. दुकानात पोरं मला दाखवून राह्यली. अध्यक्षाचा फोन आला, "काका, पोट दुखलं ना हासू हासू! पुढल्या जत्रंला पक्कं." नाटकाबद्दल कुणी काही विचारलं नाही. तो धनगर आला का नाही, हेही कुणी विचारलं नाही. मी ढोलवाल्या म्हाताऱ्याच्या घरी गेल्तो. तो ओट्यावर बसला होता, मला पाहून आत गेला. सून म्हणली, "त्यांना बरं न्हाई जी." बरं होतं त्यांना, मला दिसत होतं. आणि परवा एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस दुकानात आला. शनिवारी त्यांचा डीलर लोकांचा मेळावा आहे. म्हणला, "काका, जेवणाच्या आधी तेवढा दहा मिनिटांचा आयटम करा. बाकीचं रडगाणं नको, लोक कंटाळतात. बिलकुल ते साडीवालंच." मी हो म्हणलं. विचार करून सांगतो, असंसुद्धा म्हणलो नाही. घरी सांगितल्यावर बायकोनं लुगड्याला इस्त्री करायला घेतली. मुलगी म्हणली, "जा. पण तिथं आबांचं नाव घेऊ नका."

नाही घेणार. ह्या कागदाला कुठला पत्ता टाकू? तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच एवढं लिहवलं, पोचणार असतं तर अर्धं लपवलं असतं. मला वाटायचं तुमच्यातलं काहीतरी माझ्यात उतरलंय आणि ते एक दिवस लोकांना दिसेल. लोकांना जे दिसलं ते सगळ्यांनी पाहिलं. आता मला रडूसुद्धा येत नाही, आबा. नुसतं रिकामं वाटून राह्यलंय. एवढंच सांगायचं राहिलं की काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तर मी दार लावून आरशापुढं उभा राहिलो आणि तो ठुमका चार-पाच वेळा करून पाहिला. रविवारपेक्षा चांगला जमून राह्यलाय.