आधी कोण उठणार

शलमोनदादास,

सलाम लिहितेय, पण मनापासून नाही.

बावीस वर्षं चर्चमध्ये पेटी मी वाजवली. गेल्या महिन्यात चर्चच्या पंचमंडळात बसून तू ती स्वतःच्या सुनेला देऊन टाकलीस, आणि सख्ख्या बहिणीला ते रविवारी सगळ्या मंडळीबरोबर कळलं. मी बोलले, तर म्हणालास, "एस्तेर, ख्रिस्ती माणसानं नमतं घ्यावं."

घेतलं. प्रभुभोजनाची भाकरी वाटण्याआधी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे हिंदीत म्हणाले, "जिनके मन में कुछ है, मेल कर लें." मी उठून तुझ्या बाकापाशी आले, हात जोडून माफी मागितली. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणालास, "माफ केलं." मी तशीच उभी राहिले. वाटलं, आता तूही मागशील. तू गीतांचं पुस्तक उघडलंस.

आज पुन्हा प्रभुभोजन होतं. मी उठले नाही. तूही नाही. पाळकसाहेबांनी बरीच वाट पाहिली. मग भाकरीचं ताट आलं. तू भाकरी घेतलीस, मी न घेता ताट पुढे सरकवलं.

हे पत्र मी टाकणार नाही. माझ्या हजीऱ्याहून तुझं थाटीपूर काही लांब नाही, पण टाकलं तर पुन्हा आधी मीच वाकले असं होईल.

आणि एक गोष्ट, जी पाळकसाहेबांनाही सांगितली नाही. त्या दिवशी तुझ्यापुढे वाकताना मी डोळे मिटले नव्हते. कोण कोण बघतंय, ते मी पाहत होते.

तुझीच बहीण शोभणारी,
एस्तेर