काळ्या गाडीवरचा पट्टा

रविवार, दिवेलागण

हाताचा थिनरचा वास जात नाही.

गेटला घासून गाडीच्या दारावर पार पत्र्यापर्यंत ओरखडा गेलता. आज दुपारी उन्हातच बसलो. पॉलिश पेपरनं घासलं, प्रायमर लावला, वाळल्यावर ब्रशनं रंगाचे तीन पातळ हात दिले. काळ्यात काळा असा मिसळला की ओरखडा शोधून सापडेना.

बायको चहा घेऊन आली. म्हणाली, “अवो, काळ्या गाडीला निळा पट्टा कशापायी वडलासा?”

“चेष्टा करतीस व्हय?” म्हटलं. ती हसली नाही.

चष्मा लावून बाटलीवरचं वाचलं. नेव्ही ब्लू. काल दुकानदार म्हणत होता, “पावणं, गाडीवरचा रंगाचा नंबर सांगा की.” मला राग आला. पंचवीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर काढली. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून ताव सांगतो मी, आणि मला नंबर विचारतोय! बोट दाखवून म्हणालो, हीच द्या.

डोळ्यांतनं निळाच गेलाय, की तांबडा-पिवळाही? कधीपासून? परवा मी “ओता” म्हणालो आणि लोखंडाचा रस उसळून आमच्या पाळीतल्या शिवाचा पाय भाजला. साचा ओला होता म्हणून उसळला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

बायकोला सांगितलं, दुकानदारानं फसवलं.

आत्ता पुन्हा दार बघून आलो. काळंच दिसतंय.

उद्या पहिली पाळी. माणसं रस घेऊन उभी राहतील आणि विचारतील, “मामा, ओतू?”