न गंजणारी तार

प्रिय ठोंब्या,

फोनवर माझ्या आखडलेल्या खांद्याची चौकशी केलीस आणि जाता जाता म्हातारी झालीस म्हणून टोमणाही मारलास. बरा आहे खांदा. आज पुन्हा कारखान्यात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, उभी राहिले. तू मात्र शिडीवर चक्कर येऊन पडलास, डॉक्टरांनी पेसमेकर बसवायलाच हवा म्हणून बजावलं, तरी तुझा आपला नन्नाचा पाडा! बायको रडली, लेक रुसली, तू ढिम्म.

तुझं म्हणणं एकच, ओलीत राहिलेलं लोखंड गंजतंच. जन्मभर लोकांचे सडलेले नळ बदलणारा माणूस दुसरं काय म्हणणार? पण अरे बाबा, ते लोखंड नव्हे. त्यातली तार निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूची असते, ठोक्यागणिक वाकूनही न तुटणारी. तिच्याच भाऊबंदांचे दांडे आमच्याकडे येतात, समुद्राचं पाणी उपसणाऱ्या पंपांसाठी. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात फिरून परत आलेला दांडा मी हातात घेतलाय. टोकावरचं मीठ पुसलं, तर खाली माझ्याच कातायच्या टूलच्या रेघा जशाच्या तशा!

या मेल्या निकेलने सुरुवातीला मला रडवलं होतं. मी भीत भीत, हलक्या हाताने टूल टेकवायचे. नुसतं घासलं की तो तिथेच आणखी कडक व्हायचा. टूलची धार जायची आणि उस्ताद कपाळावर हात मारून घ्यायचे. मग कळलं, याला गोंजारायचं नाही. वेग बेताचा ठेवायचा, पण काप खोल घ्यायचा. तुझंही तेच झालंय. आम्ही सगळे तुला गोंजारतोय आणि तू आणखी कडक होतोयस.

म्हणून आता खोल काप घेते. माझा खांदा आखडला नव्हता. आपलं रक्त एक, दुखणंही एकच निघालं. खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवलाय. तार थेट काळजात गेलीय. तू हाय खाशील म्हणून सांगितलं नाही. भीती मलाही वाटली रे, खूप वाटली. पण डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आणि आज अख्खी पाळी लेथवर काढली, एकदाही डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. रविवारी येतेय. पिशवी भरून ठेव, दवाखान्यात मी सोबत आहे. तू नसलास तर मी भांडू कुणाशी?

तुझीच, अजून धडधडणारी,
ताई