बोळ्यांची बादली

१४ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा आता फारसा ठणकत नाही हे वाचून बरं वाटलं. भावजींना नमस्कार सांग. आम्ही दोघे ठीक आहोत. धाकटा फोन उचलत नाही म्हणून त्याला फैलावर घे, असं तू लिहिलंस. तो हल्ली गडबडीत असतो, एवढंच.

शनिवारी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. सहा वर्षं लॉन्ड्रीच्या तळघरात वाजवलं, आता पहिल्यांदाच खऱ्या सभागृहात, चारशे खुर्च्यांसमोर. तू मागे विचारलं होतंस, "तुम्ही गाता की भांडता?" भांडतो, ताई! ज्या शहरात माणूस सोळाव्या मजल्यावर मरतो आणि शेजाऱ्याला ते वासावरून कळतं, त्या शहरावर गोड चाली कसल्या लावायच्या? आमच्या डोक्यावर दिवसभर कपडे धुण्याची यंत्रं घरघरतात, वाफेचे पाइप धाडधाड ठोके देतात. त्या ठोक्यांवर धाकटा ड्रम वाजवतो. बेस गिटार शिक्षिकेकडे. ती सकाळी बालवाडीत शिकवते, म्हणून हे नाव. मी गात नाही, बोलतो. मला बोलायला उभं केलं की खाली बसवणं किती अवघड, हे तुला मी नव्याने काय सांगू?

आमची एक रीत आहे. आवाज सोसत नाही म्हणून लोक कानात कापसाचे बोळे घालून यायचे. एकदा माझं डोकं फिरलं. म्हणालो, "या शहराने तुम्हाला निम्मंच ऐकायची सवय लावली आहे. इथे पूर्ण ऐका!" टाळ्या पडल्या. दारात बादली ठेवली आणि बोळे तिच्यात टाकल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, असं ठरलं. पहिले बोळे धाकट्याने टाकले. लोक महिन्यातून एकदा येतात, दोन तास ऐकून घरी जातात. तो मात्र आठवड्यातून तीनदा त्या पाइपांखाली बसतो.

सप्टेंबरपासून त्याचा ताल चुकायला लागला. मी सगळ्यांसमोर खेकसलो, "झोपलास का रे?"

"दादा, तुझं भाषण सुरू झालं की कुणालाही झोप येईल."

सगळे हसले, मीही हसलो. शिक्षिका हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "डावीकडून हाक मारली की तो वळत नाही. माझ्या वर्गातलं मूल असतं ना, तर आईबापांना बोलावून घेतलं असतं."

"तू तुझा वर्ग सांभाळ," मी म्हणालो.

तिने माझं ऐकलं नाही, हे नशीब. त्याला तपासणीला घेऊन गेली. दवाखाना माझ्या छापखान्याच्या वाटेवर, म्हणून रिपोर्ट आणायचं काम माझ्याकडे आलं.

ताई, तो रिपोर्ट तीन आठवड्यांपासून माझ्या पिशवीत आहे. डावा कान जवळजवळ गेला आहे, तो परत येणार नाही. उजवा वाचू शकतो, पण मोठा आवाज आजपासून बंद, असं डॉक्टरांनी लिहून खाली रेघ ओढली आहे. त्यानंतर आम्ही नऊ तालमी केल्या. त्याने दोनदा विचारलं, "दादा, रिपोर्ट आला का?" मी म्हणालो, "अजून नाही." त्याने लगेच मानलं. जगात माझ्याएवढं त्याने दुसऱ्या कुणाचं ऐकलं आहे?

शनिवार होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. आयुष्यभर ज्यांच्यावर तुटून पडलो, ते कारखानदार, ते अधिकारी, सगळे हेच तर म्हणतात: एवढं काम उरकू दे, मग माणसाचं बघू! मला माझीच शिसारी आली आहे.

खरं सांगायचं तर हे पत्र मी दुसऱ्याच हेतूने लिहायला घेतलं. तू यावंस, तू त्याला सांगावंस आणि मी कोपऱ्यात मान खाली घालून उभं राहावं. इथवर लिहिल्यावर तेही सोडलं.

साडेचारला तालीम आहे. आधी हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. मग कागद त्याच्या हातात ठेवतो आणि तो वाचून होईपर्यंत तोंड उघडत नाही.

पत्र मिळताच निघ. माझ्याकडे नको, त्याच्याकडे जा. माझ्याशी बोलायचं की नाही ते तो ठरवेल. तो नाही म्हणाला, तर तूही बोलू नकोस.

तरीही तुम्हा दोघांचाच,
भाऊ