रुद्रप्पांच्या खांद्यावरची अमेरिका

सोलापूर,
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी कुंडलिकचा दंडवत.

मोहोळला सगळे खुशाल असतील, ताईचा गुडघा चार पायऱ्या चढू देत असेल आणि तुमची म्हैस (जिनं मागच्या खेपेला माझा चष्मा चाटला) दुधाला बरी असेल, असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला "थांब, ताईला देतो" म्हणता, आणि ताईला सगळं आधीच कळलेलं असतं, ते पण चुकीचं. गुडघ्यापायी तुम्हा दोघांना आमच्या अंकिताच्या साखरपुड्याला येता आलं नाही. तिथं काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

आधी अमेरिका समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. तिथं लोक राष्ट्राध्यक्ष थेट निवडत नाहीत. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं, आणि राज्यात ज्याला एक का होईना मत जास्त, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी. आपल्या भावकीत थोरल्यानं मान हलवली की साऱ्या घरांची मतं एकाच बाजूला पडतात ना, तसं. फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं वेगळी चूल मांडल्यासारखी मतं वाटून देतात. (नेब्रास्का लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.) म्हणजे देशभर जास्त मतं घेणारा गडी हरूही शकतो, आणि हे लोक जगाला लोकशाही शिकवायला मोकळे! पक्ष दोन. एक लाल, त्याचं चिन्ह हत्ती. दुसरा निळा, त्याचं गाढव. गाढव चिन्ह घेऊन आपल्या तालुक्यात कुणी अर्ज तरी भरला असता का? तरीही मी निळ्याच्या बाजूचा. लाल पक्ष प्रचारात उघड सांगत होता की बाहेरच्या मालावर जकात लावू. बाहेरचा माल म्हणजे कुणाचा, दाजी? आपला! अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मागावर निघालेला टॉवेल तिकडच्या न्हाणीघरात लटकतो. ज्याचं पोट अमेरिकेच्या ओल्या अंगावर चालतं, त्यानं तिथल्या राजकारणावर बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं?

मी शिकलो नववीपर्यंत. कॉम्प्युटरवर जॅकार्डचं, म्हणजे विणीतच उमटणाऱ्या नक्षीचं, डिझाइन काढायला मला कुणी शिकवलं नाही, आणि अमेरिकेची राज्यंही कुणी छडी घेऊन पाठ करून घेतली नाहीत. दोन्ही माझं मी केलं. म्हणून ठरवलं, साखरपुड्यात व्याह्यांना टॉवेल-टोपी द्यायचीच आहे, तर दुकानातला टॉवेल कोणीही देईल, मी माझा निकालाचा अंदाज विणून देतो. निळा पक्ष घेईल ती राज्यं निळी, लाल घेईल ती लाल. मिशिगनचे दोन तुकडे, मधलं सरोवर, आणि लाल नेब्रास्काच्या उजव्या कडेला एक निळा ठिपका. सोजर म्हणाली, "अवो, माणसं अंग पुसायची का भूगोल वाचायची?" बायकोच्या टीकेला मी निवडणूक काळात उत्तर देत नाही.

साखरपुडा बुधवारी, आणि तिकडची मतमोजणीही नेमकी आपल्या बुधवारी. रुद्रप्पा, म्हणजे नवरदेव गुरुचे वडील, आमचे अक्कलकोटचे होणारे व्याही. त्यांचा थोरला टेक्सासात नोकरीला, त्यामुळं ते स्वतःला अमेरिकेचे गावकरी समजतात, आणि पक्के लाल. मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेलची लांबट घडी केली आणि खांद्यावर टाकली. थोरला व्हिडिओ कॉलवर होता, तिकडं मध्यरात्र. तो एकदम ओरडला, "अप्पा, आपलं टेक्सास निळं कसं?"

आता खुलासा. या टॉवेलच्या सुलट बाजूला जे लाल, ते उलट बाजूला निळं येतं, आणि निळं ते लाल. वर नकाशा आरशातल्यासारखा फिरतो. भिंतीवर टांगला तर एकच बाजू दिसते. घडी करून खांद्यावर टाकला की उलटी बाजू बाहेर यायला वेळ लागत नाही. उभा जन्म टॉवेलात गेलेल्या मला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? (सोजर म्हणते.) त्या दिवशी माझ्या डोक्यात माग नव्हता, मतमोजणी होती. तर रुद्रप्पांच्या छातीवर फ्लोरिडा भलत्याच समुद्राला लागलेलं, आणि टेक्सास निळं.

"व्याही, हे काय केलाव वो? आमच्या पोराचं राज्यच बदललाव की!"

मी शांतपणे म्हटलं, मागच्या बाजूला बघा, तिथं टेक्सास लालच आहे. मी म्हणत होतो टॉवेलची मागची बाजू, त्यांना वाटलं स्वतःची पाठ. ते बघायला गोल फिरले, टॉवेलही त्यांच्यासोबत फिरला, आणि सगळा मांडव हसला. तेवढ्यात थोरल्यानं बातमी दिली की पेनसिल्व्हेनियाही लाल गेलं. ते मी निळं विणलं होतं. "म्हंजे सुलट बाजू बी खोटीच की!" म्हणत रुद्रप्पांनी मानाचा टॉवेल खांद्यावरनं काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. जेवले, पण विडा न घेता गेले. लग्नाची तारीख काढायची राहून गेली.

आता निरोप आलाय की कुंडलिकरावांनी "चुकलं" म्हणावं, मग तारखेचं बघू. दाजी, मी म्हणणार नाही! त्या मोठमोठ्या सर्वेक्षणवाल्यांचे अंदाज चुकले, त्यांचा टॉवेल कुणी खुर्चीवर टाकला? अटीतटीची सात राज्यं मी निळी धरली आणि सातही लाल गेल्यात जमा, हे मान्य. (टॉवेल उलटा धरला तर ती सातही बरोबर येतात, पण मग कॅलिफोर्निया लाल होतं. मी लबाडीनं जिंकणारा माणूस नाही.) पण नेब्रास्कातला निळा ठिपका? तंतोतंत बरोबर! अख्ख्या अक्कलकोटात त्या ठिपक्याचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं का?

अंकिता माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण पाणी ठेवत नाही. काल एवढंच म्हणाली, "पप्पा, मग नेब्रास्कालाच द्या मला." आणि आत गेली. पोरगी रडून बोलली म्हणून राज्यं रंग बदलत नसतात. मी पाणी स्वतः उठून घेतलं.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीला लांबूनच.

आपला, मोडेल पण वाकणार नाही असा,
कुंडलिक

ता. क. : पत्रासोबत एक टॉवेल पाठवलाय. पांढरा, दोन्ही बाजूंनी पांढराच, कसाही टाका. तो घेऊन सोमवारी अक्कलकोटला जा आणि रुद्रप्पांच्या खांद्यावर ठेवा. तुम्ही घरचे थोरले जावई, तुमचा हात ते झिडकारणार नाहीत. "चुकलं" हा शब्द तुमच्या तोंडून निघाला तर निघू द्या. ऐकायला मी तिथं नसणार.

ता. क. २ : किनारीला एक बारीक लाल रेघ आहे. तिला माघार समजू नका, कार्यात लाल शुभ असतं.

ता. क. ३ : एका कोपऱ्यात एकच निळा टाका दिसेल. दोष समजून ओढू नका, ते नेब्रास्का आहे. रुद्रप्पांना दाखवू नका. तारीख निघाली की फोन अंकिताला करा, मला करू नका. ताटाशेजारी तांब्या आला की मला कळेलच.