मॉरीनचा बगळा

ब्लँचर्डस्टाउन, ११ मे २०२५

चि. शर्वाणी हिस पद्मिनीआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू निम्मंच ऐकतेस, म्हणून पत्र. शेजारची मॉरीन शनिवारी घर सोडून तुमच्या वॉटरफोर्डला मुलाकडे राहायला चालली. दोन वर्षं रोज अकराला आमचा चहा. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून चित्रं छापायलाही तिनेच शिकवलं. आठवण म्हणून तिने स्वतः छापलेलं, पोस्टकार्डाएवढं चित्र दिलं. त्यात काय, तर पाण्यात डोळे मिटून उभा बगळा! मी सकाळी अंगणात जपाला बसते, ते तिला कुंपणावरून दिसतं. म्हणजे माझं बकध्यान, मी ढोंगी. चित्र कपाटात बश्यांमागे पालथं ठेवलंय. श्रेयस म्हणतो, आई, ग्रँड आहे, चालायचंच, सोडून दे. माझ्या मुलाला बगळ्यातलं काय कळतं! निरोपाला मी जाणार नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो न सांगता ओळखावा.

तुझी आत्या

वॉटरफोर्ड, १३ मे

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

वॉर्डातून आले, पत्र वाचलं आणि मोठ्याने हसले. माफ कर. आपला बगळा ढोंगी, कारण त्याचा डोळा माशावर. मॉरीनच्या चित्रात मासा आहे का? तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना 'आधी बघा, मग बोला' म्हणून मुलींच्या वह्या परत फेकायचीस. आता तूच भिंग घे. शनिवारच्या आत.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझी शर्वाणी

ब्लँचर्डस्टाउन, १७ मे

चि. शर्वाणी, अ. आ.

भिंग घेतलं. मासा नाही. मात्र काठाशी बगळा एक आणि पाण्यात प्रतिबिंबं दोन.

आज सामानाची गाडी दारात असतानाच गेले. एका पक्ष्याची दोन प्रतिबिंबं पडत नाहीत, ही चूक मी पहिल्या वर्षालाही खपवून घेतली नसती, असं तिला सुनावलं. तिने हातातला खोका खाली ठेवला. म्हणाली, रोज तू डोळे मिटलेस की कुंपणाअलीकडे मीही मिटून बसायचे. चाहूल लागली असती तर तू उठून गेली असतीस.

खरं आहे. गेले असते.

चित्र आता चहाच्या टेबलासमोर, सुलटं आहे. पुढच्या शनिवारी बसने येते. मुक्काम तुझ्याकडे, सकाळचा तास मॉरीनच्या नव्या अंगणात. दुपारी मासे करून ठेव. तेवढ्यापुरता तो बगळा मीच.

लोभ असावा, आणि रस्सा तिखट असावा.

तुझी आत्या